बाटली मॅक्सपर्यंत भरलेली, रेडिएटर मात्र कोरडा: कन्नड घाटात गाडी तापली

लळिंगकर (धुळे) | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, काल मावसभावाच्या हळदीला निघालो होतो. धुळे, चाळीसगाव, तिथून कन्नड घाट. गाडी ११ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, ८७ हजार किलोमीटर चाललेली. पाच माणसं, डिकीत आहेराच्या साड्या आणि आईने पहाटे उठून खापरावर केलेले मांडे.

दुपारी एकला चाळीसगाव सोडलं. एसी फुल. घाटात ट्रकामागे ट्रक, त्यामुळे कधी दुसरा गिअर, कधी पहिला. चार-पाच वळणं झाली आणि मागून आई म्हणाली, "एसी गार लागत नाही रे." म्हटलं, बाहेर ४३ आहे, तो तरी किती गार करणार. पाचेक मिनिटांनी गुळाचा पाक उतू गेल्यासारखा गोडसर वास आला. तेव्हा कुठे काट्याकडे बघितलं, तर तो लाल रेघेला टेकलेला.

गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. कुलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पांढरी बाटली मॅक्सच्याही वर भरलेली! म्हणजे पाण्याचा प्रश्न नाही, पंखा गेला असेल, असं वाटलं. तरी एकदा बघू म्हणून नॅपकिन घेऊन रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, तोच मागच्या ट्रकमधला क्लीनर ओरडला, "ओ शेठ, हात नका लावू! तोंड भाजंल." त्याने तासभर बसायला लावलं. गार झाल्यावर त्यानेच टोपण आधी अर्धं फिरवलं, फुस्स झालं, मग पूर्ण काढलं. आत मोबाइलची बॅटरी मारली तर पाणी दिसेना. प्यायच्या पाण्याच्या अडीच बाटल्या ओतल्या तेव्हा ते वर आलं.

एसी बंद करून कसेबसे वर पोहोचलो. तिथल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, "हेड पॅकिंग गेलं. १८ हजार."

(हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, पॅकिंग म्हणजे त्याच्या खालचं सील.) दोन प्रश्न आहेत. बाटली भरलेली असताना रेडिएटर रिकामा कसा? आणि हेड खोलू का?

गिरणाकाठ (चाळीसगाव) | सोमवार, रात्री १०:०५

आधी त्या क्लीनरला शोधून जेवण घाला. आमच्या गल्लीतल्या एकाने पिकअपचं टोपण गरम असताना काढलं होतं. हात, मान, एक गाल. तीन महिने उन्हात निघाला नाही. आतलं पाणी शंभराच्या वर असतं, ते फक्त दाबामुळे पाणी म्हणून राहतं. टोपण काढलं की दाब संपला, काही पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती उकळतं पाणी घेऊन वर उसळते.

जुना_फोरमन (भुसावळ) | मंगळवार, सकाळी ६:५०

लळिंगकर, हेड अजिबात खोलू नका. निदान आठवडाभर तरी नको. माझं आयुष्य डिझेल जनसेटच्या (जनरेटरच्या) खोलीत गेलं. तिथे ना वारा, ना घाट, पण इंजिन तापायची कारणं तीच. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा. याचा पहिला संशयित ते टोपणच.

त्या टोपणात दोन वॉल्व्ह असतात. मोठ्या स्प्रिंगचा वॉल्व्ह आतला दाब एका मर्यादेपर्यंत धरून ठेवतो. टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, ती मर्यादा. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. बंद जागेत वातावरणाच्या वर आणखी १ बार दाब दिला की तेच १२० ला उकळतं. निम्मं कुलंट, निम्मं पाणी असेल तर आणखी वर, १२८ च्या आसपास. वरचे हे वीस-तीस अंश म्हणजे तुमचा घाट चढायचा आधार. रबर फाटलं की तो गेला.

मधला बारीक वॉल्व्ह मात्र कुणी बघत नाही. इंजिन तापलं की पाणी फुगतं, जास्तीचं मोठ्या वॉल्व्हमधून बाटलीत जातं. रात्री इंजिन गार झालं की पाणी आकसतं, आत ओढ तयार होते, आणि हा बारीक वॉल्व्ह उघडून बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये येतं. तो चिकटला, नाहीतर टोपणाचं रबर कडक होऊन तिथून हवा शिरू लागली, तर पाणी बाटलीत जातं खरं, परत येत नाही. रोज घोट-घोट. बाटली वर चढत जाते, रेडिएटर खाली होत जातो, आणि मालक बाटलीकडे बघून खूश.

एसी गार का नव्हता, तेही सांगतो. बऱ्याच गाड्यांत इंजिन फार तापलं की कंप्युटरच एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो. तुमच्या मातोश्रींना काट्याच्या आधी कळलं होतं. त्यांचं ऐका.

आता उद्या सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चहाच्या आधी:

टोपण काढा. रबराच्या कडेवरून बोट फिरवा, चीर लागते का बघा. मधली छोटी चकती नखाने ओढून सोडा, ती टचकन परत बसली पाहिजे. रेडिएटरच्या गळ्याची आतली कडही पुसा. तिथे पांढरा थर असला तर नवीन टोपणही धरणार नाही. मग रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज (रबरी पाइप) दाबून बघा. भेंडीसारखा लवचिक हवा. वाळल्या शेंगेसारखा कडकड वाजला किंवा क्लिपजवळ फुगलेला असला तर बदला. क्लिपांभोवती पांढरी-हिरवी पावडर दिसली तर तिथून पाझर आहे. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. वॉटर बॉडीच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खाली एक बारीक भोक असतं, तिथे ओघळाची खूण असेल तर सील संपलं. शेवटी ऑइलची काडी काढा आणि ऑइल भरायच्या झाकणाच्या आत बघा. दुधाळ, ताकासारखं काही आहे का?

ते नसेल, सकाळी सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट येत नसतील, आणि टोपण काढून गार इंजिन चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत नसतील, तर त्या १८ हजारांची घाई करू नका.

अहिराणी_भो | मंगळवार, सकाळी ९:१५

फोरमन काका, भारी लिखं भो! लळिंगकर, मांडासनं काय व्हयनं ते सांगा पह्यले.

सातपुड्याखाली (शहादा) | मंगळवार, दुपारी २:३०

आमच्याकडे तोरणमाळ आणि चांदसैलीचा घाट, त्यामुळे गाडी तापणं हा घरचा विषय. फोरमन काकांनी पाण्याचं लिहिलं, मी वाऱ्याचं लिहितो.

डिसेंबर-जानेवारीत कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जिनिंगला जातात, त्यांच्या मागे जो गाडी चालवतो त्याने मार्चमध्ये रेडिएटर उघडून बघावा. समोर जाळीतून दिसतो तो एसीचा कंडेन्सर. खरा रेडिएटर त्याच्या मागे. दोघांच्या मधल्या बोटभर फटीत कापसाचे तंतू, धूळ, फुलपाखरांचे पंख यांची गादी तयार होते. माझ्या गाडीतून निघालेल्या गादीत चिमणीने अंडं घातलं असतं. बाहेरून बघाल तर सगळं स्वच्छ.

आणि हे धुताना वॉशिंग सेंटरवाल्याला गन जवळ आणू देऊ नका. पातळ पत्र्या वाकतात, मग वारा कायमचाच बंद. साधा पाइप, कमी दाब, आणि शक्यतो इंजिनच्या बाजूने बाहेर. पंख्याच्या मोटरवर आणि वायरिंगच्या सॉकेटवर थेट पाणी नको.

माझा ठोकताळा असा: गावात, सिग्नलला उभी असताना तापते पण हायवेला गार राहते, तर पंखा नाहीतर वारा. उलट, गावात ठीक आणि घाटात किंवा शंभरच्या स्पीडला तापते, तर पाणी कमी, रेडिएटर आतून चोंदलेला किंवा पॅकिंग. पंखा तपासायला मेकॅनिक लागत नाही. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा फिरायलाच हवा, बॉनेट उघडून कान द्या. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर.

केळीची_वखार (रावेर) | मंगळवार, रात्री ८:२०

माझा अडाणी प्रश्न. गाडीत मी आमच्या बोअरचंच पाणी टाकतो. इकडे बर्फ पडत नाही, मग ते अँटिफ्रीज कशाला? आणि रेडिएटर चोंदला तर ड्रीपला देतो तसं ऍसिड दिलं तर? केळीच्या लॅटरलमधले (ठिबकच्या नळ्यांमधले) क्षार त्यानेच सुटतात, ड्रीपर नव्यासारखे होतात.

जुना_फोरमन (भुसावळ) | मंगळवार, रात्री ९:००

थांबा! ऍसिडचा डबा खाली ठेवा.

ड्रीपची नळी प्लॅस्टिकची. रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा, आणि आजच्या बहुतेक गाड्यांचं हेडही अ‍ॅल्युमिनियमचं. ड्रीपमध्ये सोडतात ते हायड्रोक्लोरिक ऍसिड अ‍ॅल्युमिनियमला खातं आणि वर हायड्रोजन सोडतं. क्षार जातील, त्यांच्यासोबत नळ्याही जातील. जुन्या पितळी रेडिएटरच्या टाक्या उघडून, आत सळया घालून रॉडिंग करून मिळायचं. आताच्याला वर-खाली प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात. तो फार चोंदला तर बदलायचाच. थोडा चोंदला असेल तर गॅरेजचं सौम्य फ्लश, आणि नंतर डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा धुणं.

पण तुम्ही स्वतःच उदाहरण दिलंत. तुमच्या ड्रीपरला जे होतं, तेच रेडिएटरला होतं. घरचा कूलर बघा. मे संपता संपता जाळीच्या गवतावर पांढरं कवच चढतं, कडेने खडूसारखे पापुद्रे निघतात. ते पाणी नुसतं उडून जातं. इंजिनमध्ये तर ते तापलेल्या धातूला लागून फिरतं. थर पहिल्यांदा बसतो सिलिंडरच्या भोवती, जिथे उष्णता सगळ्यात जास्त, म्हणजे नेमका जिथे नको तिथे. त्या थरातून उष्णता पाण्यात नीट उतरत नाही.

आणि अँटिफ्रीज हे नाव थंड देशातलं. आपल्याला त्याचे तीन उपयोग: उकळण्याचा अंश वर जातो, गंज धरत नाही, वॉटर बॉडीच्या सीलला वंगण मिळतं. साध्या पाण्यावर चालवलेल्या गाडीचं पाणी सोडून बघा, चहा निघतो. पण म्हणून नुसतं कुलंटही ओतू नका. त्यापेक्षा पाणी उष्णता चांगली वाहतं. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं-निम्मं, बॅटरीत टाकतो त्या डिस्टिल्ड पाण्यात. रेडी मिक्स असेल तर थेट. डबा वाचा, दोन्ही एकाच दुकानात शेजारी ठेवलेले असतात.

केळीची_वखार (रावेर) | मंगळवार, रात्री ९:२५

बरं झालं विचारलं. परवा गड्याला सांगणारच होतो. आरओचं पाणी चालेल का?

गिरणाकाठ (चाळीसगाव) | मंगळवार, रात्री ९:४०

आरओच्या नळाचं अडीअडचणीला चालेल. पण आमच्या इथे एक महाशय आरओच्या वेस्टच्या पाइपचं पाणी बाटलीत टाकायचे, "फुकट जातं म्हणून". म्हणजे निवडून काढलेले क्षार गोळा करून इंजिनला पाजायचे.

शिरपूरची_मास्तरीण | बुधवार, सायंकाळी ५:१०

माझ्या गाडीला तापमानाचा काटाच नाही. सकाळी निळा दिवा लागतो, थोड्या वेळाने जातो. लाल दिवा अजून पाहिलेला नाही (आणि पाहायचाही नाही). मग तापायला लागली हे मला कळणार कसं? दुसरं, माझ्या बाटलीत गुलाबी कुलंट आहे, शेजारच्या दुकानात हिरवंच मिळतं. टाकलं तर काय होईल?

सातपुड्याखाली (शहादा) | बुधवार, सायंकाळी ६:००

ताई, लाल दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. स्टेअरिंगच्या खाली ओबीडीचं सॉकेट असतं. त्यात बसणारं ब्लूटूथचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, मोबाइलवर इंजिनचा नेमका अंश दिसतो. माझ्या गाडीत तो ८५ ते १०० मध्ये खेळतो, ९६-९७ ला पंखा लागतो आणि तो खाली येतो. तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा आठवडाभर बघून ठेवा. ११० च्या पुढे सरकला की मी तरी सावली शोधतो.

रंगावर जाऊ नका. तो कंपनीने टाकलेला नुसता रंग असतो, त्याचा ठरलेला नियम नाही. गुलाबी बहुतेकदा लाँग लाइफ प्रकारचं, हिरवं बहुतेकदा जुन्या प्रकारचं, पण खात्री नाही. वेगळे प्रकार मिसळले तर गंजरोधक निकामी होतं, कधी कधी चिखलासारखा गाळ बनतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच प्रकार घ्या. अडल्यावर हिरवं टाकण्यापेक्षा डिस्टिल्ड पाणी टाका. बदलायची मुदतही तिथेच बघा. जुनं हिरवं दोन वर्षांत संपतं, लाँग लाइफ पाच वर्षं किंवा जास्तही.

जुना_फोरमन (भुसावळ) | बुधवार, रात्री ८:४५

एक भर. काट्यावर किंवा मोबाइलवर शंभर टक्के विसंबू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो म्हणून बरोबर सांगतो. पाणी पूर्ण गेलं तर तो नुसत्या वाफेत आणि हवेत लटकतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. चढाला काटा लाल झाला आणि अचानक आपोआप गार दाखवू लागला तर आनंद मानू नका, ताबडतोब बंद करा.

काटा वर चढतोय पण वाफ नाही, पाणी गळत नाही, अशा वेळी एसी बंद, काचा खाली, हीटर फुल गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच.

अहिराणी_भो | बुधवार, रात्री ९:०२

४४ मा हीटर?? काका, इंजिन वाची जाई, आमनं भरीत व्हई जाई!

जुना_फोरमन (भुसावळ) | बुधवार, रात्री ९:१०

माणूस घाम पुसू शकतो, हेडला पुसता येत नाही. पाच मिनिटं सहन करा, थांबायला जागा मिळेपर्यंत. लाल रेघ ओलांडली तर तेही नको, सरळ बंद. आणि तापलेल्या इंजिनवर किंवा रेडिएटरमध्ये थंड पाण्याची बादली रिकामी करणारे खूप पाहिलेत. हेड तिथेच वाकतं, मग खरंच पॅकिंग जातं.

पुण्यातला_खान्देशी | गुरुवार, सकाळी ११:३०

माझा अनुभव वेगळा. मागच्या उन्हाळ्यात अमळनेरला गेलो असताना गाडी तापली. मेकॅनिकने थर्मोस्टॅटच काढून टाकला, "आपल्याकडच्या उन्हात याची गरज नाही" म्हणाला. पंखाही डायरेक्ट करून दिला. त्यानंतर तापलेली नाही. मग कंपन्या तो उगाच बसवतात का?

सातपुड्याखाली (शहादा) | गुरुवार, दुपारी १:१५

अ‍ॅव्हरेज किती देते आता?

पुण्यातला_खान्देशी | गुरुवार, दुपारी १:४०

अं... १७ वरून १४ वर आलंय. पेट्रोल पंपाला शिव्या देत होतो.

जुना_फोरमन (भुसावळ) | गुरुवार, रात्री ८:३०

थर्मोस्टॅट हा दरवाजा आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांपर्यंत तो बंद राहतो, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. दरवाजाच काढला तर इंजिन थंडच राहतं. कंप्युटरला वाटतं गाडी आत्ताच सुरू झाली, आणि तो पेट्रोल जास्त देत राहतो. ऑइल पातळ होत नाही, झीज वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता तिथल्या तिथेच फिरतो. तुमची हिवाळ्यात-पावसाळ्यात तापली नसेल, मेमध्ये भर घाटात चढवून बघा. (खरं म्हणजे बघू नका.)

तो खराब आहे का हे घरी कळतं. वरचा होज हात लागू नये इतका गरम, खालचा गार, आणि काटा वर, तर एक तर तो बंद अवस्थेत अडकलाय नाहीतर रेडिएटर चोंदलाय. काढून पातेल्यात पाणी तापवा, आत दोऱ्याने लटकवा. उकळायच्या आधी तोंड उघडलं नाही तर भंगार. घरातलं पातेलं घेऊ नका, मी एकदा घेतलं होतं.

डायरेक्ट पंख्यात रिले आणि फ्यूज ठेवलाय का, ते मात्र आजच बघा. नुसती वायर ओढली असेल तर ती जळते.

लळिंगकर (धुळे) | रविवार, रात्री ९:१५

उशिराबद्दल माफी, सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

बुधवारी सकाळी टोपण काढलं. वरून नवं दिसत होतं. उलटं करून रबरावर बोट फिरवलं तर नखभर चीर, आणि मधली चकती क्षारांनी चिकटून बसलेली. नख लावलं तरी हलेना. (ऑइल स्वच्छ, धूर नाही, बुडबुडे नाहीत.) तसंच १.१ लिहिलेलं नवीन टोपण घेतलं, अडीचशेच्या आत. धुळ्यातल्या दुसऱ्या गॅरेजमध्ये हातपंपाने दाब देऊन २० मिनिटं ठेवलं. काटा किंचित उतरला, तो खालच्या होजच्या क्लिपमुळे. पांढरी पावडर तिथेच होती, फोरमन काका म्हणाले तशी. होज आणि क्लिप बदलली. मग त्याने रेडिएटरच्या तोंडाला निळं पाणी भरलेली काचेची नळी लावून इंजिन चालवलं. पॅकिंग गेलेलं असेल तर जळालेला वायू येऊन ते पिवळं होतं. निळंच राहिलं. म्हणजे १८ हजारांचं हेड पॅकिंग जिथल्या तिथे आहे.

जुनं पाणी सोडलं तेव्हा ते खरंच चहाच्या रंगाचं निघालं. मागच्या मालकाने काय टाकलं होतं कोण जाणे. तीनदा डिस्टिल्ड पाण्याने धुतलं, तिसऱ्यांदा साफ आलं. भरताना हवा अडकू नये म्हणून पुढची चाकं उतारावर वर करून, हीटर चालू ठेवून, टोपण उघडं ठेवून पंखा दोनदा लागेपर्यंत वाट बघितली. मधे मधे भक्कन हवा यायची आणि पातळी खाली जायची.

काल दुपारी तीनला मुद्दाम एसी लावून लळिंगचा चढ दोनदा चढवला. मोबाइलवर जास्तीत जास्त ९९. आज सकाळी गार असताना टोपण काढून बघितलं, रेडिएटर काठोकाठ. बाटलीवर मार्करने दोन रेघा मारल्यात, एक सकाळची, एक गाडी फिरवून आल्यानंतरची. दोन्हीत बोटभर अंतर आहे आणि रात्रीतून पाणी परत जातंय.

भो, मांडे पोहोचले. डिकीत वाफ धरल्यामुळे मऊ पडले होते, तरी पहिल्या पंगतीतच संपले.

आता एक शिल्लक आहे. काढलेलं पाच लिटर जुनं पाणी कॅनमध्ये भरून ठेवलंय. गॅरेजवाला म्हणाला गटारीत ओता. पण आमच्या गल्लीत कुत्री आहेत.

जुना_फोरमन (भुसावळ) | रविवार, रात्री ९:४०

ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरी चाटतात आणि मूत्रपिंडं जाऊन मरतात. कॅनवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारून बघा, त्यांचं जुनं ऑइल-कुलंट न्यायला माणूस येतो, त्यात घेतात का.

लळिंगकर (धुळे) | रविवार, रात्री ९:५५

लिहिलं. उद्या ऑफिसला जाताना विचारतो.